मीठ कोणाच्या चवीने?

उपम्याची कृती कुठल्याही मराठी पाकपुस्तकात काढून बघा. रवा, पाणी, कांदे, मिरच्या, फोडणीचे तेल, सगळे वाटी-चमच्याने मोजून दिलेले असते. मिठापाशी आले की माप संपते आणि ‘चवीनुसार’ सुरू होते. जो जिन्नस अर्धा चमचा जास्त पडला तर सगळे पातेले वाया जाते, नेमका तोच करणाऱ्यावर सोपवलेला. ही चव कोणाची, हे पुस्तके सहसा सांगत नाहीत. स्वयंपाक करणारीची, घरातल्या वडीलधाऱ्यांची, की ज्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे त्याची?

प्रश्न रोजचा असला तरी त्यावर बरेच काम झालेले आहे. पाकपुस्तकांच्या लेखकांनी माप आणि अंदाज यांचा वाद घातला, वैद्यांनी आणि डॉक्टरांनी प्रमाणाचा, शास्त्रज्ञांनी जिभेचा. घराघरांत तो वाद अधिकाराचाही असतो. या सगळ्याचा आढावा घेताना मी मीठ मध्यभागी ठेवले आहे, त्याच्या खालोखाल तिखट. आंबट-गोड ओघात येईल. माझे मत आधीच सांगून टाकतो: या चर्चेत दोन निर्णय एकमेकांत मिसळले जातात, एक पातेल्यातला आणि एक पानातला. ते वेगळे केले की बराचसा गुंता सुटतो. सगळा मात्र सुटत नाही.

शेर-तोळ्यांपासून वाटी-चमच्यापर्यंत

मराठीतले सुरुवातीचे छापील पाकपुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या १८७५ सालच्या पुस्तकाचे नाव घेतले जाते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे स्वयंपाक शिकण्याची खरी जागा चुलीशेजारी होती. आई किंवा सासू मीठ घालताना बघायचे, आपण घालताना तिने ‘पुरे’ म्हणायचे. नोकरीसाठी शहरात वेगळी बिऱ्हाडे झाली तशी ‘पुरे’ म्हणणारे माणूस जवळ राहिले नाही, आणि पुस्तकाची गरज वाढत गेली.

मापांचीही घडी याच काळात बदलली. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि शेर-छटाक बाजारातून गेले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. त्याच्या यशाचे एक मोठे कारण वाटी आणि चमचा हे आहे, असे मला वाटते. ही मापे प्रत्येक घरात होती, वजनकाटा नव्हता. शिवाय वाटी लहान असो की मोठी, सगळे एकाच वाटीने मोजले की प्रमाण बरोबर राहते. नव्याने संसार मांडणाऱ्या हजारो मुलींना या पुस्तकाने आधार दिला. अमेरिकेत असेच काम त्याआधी फॅनी फार्मर यांनी केले होते. त्यांच्या १८९६ सालच्या पुस्तकाने चमचा सुरीने सपाट करून मोजायचा आग्रह धरला.

मापाची बाजू

मापाचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे असे. अंदाज शिकवता येत नाही, तो फक्त सहवासातून मिळतो. ज्याला असा सहवास मिळाला नाही, म्हणजे वसतिगृहात राहणारा मुलगा, परदेशी गेलेली मुलगी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा गॅस पेटवणारा पुरुष, त्याला ‘चवीनुसार’ या शब्दाचा काहीच उपयोग नाही. ज्याला चव कशी असायला हवी हेच अजून ठाऊक नाही, त्याने तिला अनुसरायचे कसे? दुसरा मुद्दा सातत्याचा: खानावळीत किंवा मंगल कार्यालयात रोज निराळी आमटी चालत नाही. तिसरा मुद्दा आरोग्याचा आहे. किती मीठ पोटात जाते हे मोजल्याशिवाय कळत नाही.

व्यावसायिक स्वयंपाकात यावर एक सोपा तोडगा रुळला आहे. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ धरायचे, म्हणजे किलोभर भाजीला दहा ग्रॅम, आणि तिथून चवीप्रमाणे खाली-वर जायचे. नवशिक्याने सुरुवात इथून करायला माझी हरकत नाही. त्यापेक्षा थोडे कमी घेऊन सुरू केले तर आणखी बरे, कारण घालता येते, काढता येत नाही.

खारट झालेल्या रश्श्यात सोललेला बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो, असे घरोघर सांगतात. रॉबर्ट वोल्क या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मिठाच्या पाण्यात बटाटे शिजवून आधीची आणि नंतरची खारटी उपकरणाने मोजली, तेव्हा पाण्यातले मिठाचे प्रमाण बदललेले दिसले नाही. बटाटा खारट पाणी शोषतो, त्यातले मीठ तेवढे वेचून घेत नाही. रश्श्याला उतारा पडतो तो वाढवलेल्या पाण्याचा, डाळीचा, नारळाचा.

मापाची अडचण मिठातच आहे. बारीक आयोडीनयुक्त मिठाचा सपाट चहाचा चमचा पाच-सहा ग्रॅम भरतो. खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांना हा फरक चांगलाच जाणवतो. तिथल्या कोशर मिठाच्या एका लोकप्रिय प्रकाराचा चमचा साध्या मिठाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. फोनवरून आईने सांगितलेला ‘एक चमचा’ तिथे आळणी होतो. तिखटाचीही तीच गत. ‘चिली पावडर’ म्हणून तिथल्या दुकानात जी बाटली मिळते, तिच्यात बहुधा मिरचीबरोबर जिरे, लसूण, ओरेगानो आणि कधी मीठही असते. ती आमटीत घालून इथली चव येणार नाही. वजनाने मोजले तर मिठाची अडचण जाते. तिखटाची वजनानेही जात नाही, कारण ब्याडगीचे दहा ग्रॅम आणि लवंगीचे दहा ग्रॅम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंदाजाची बाजू

अंदाजाच्या बाजूने बोलणारे इथूनच सुरुवात करतात. जिन्नस रोज बदलतो. पावसाळ्यातला टोमॅटो आणि उन्हाळ्यातला टोमॅटो सारखा आंबट नसतो. जुनी चिंच काळी आणि तीव्र, नवी चिंच फिकट. गुळाला कधी खारट झाक असते. डाळ एखाद्या दिवशी जास्त पाणी पिते. मापे तीच ठेवली तर आमटी रोज वेगळी लागेल. ती रोज सारखी लागायला हवी असेल तर मापेच रोज बदलली पाहिजेत, आणि ती कशी बदलायची हे जीभच सांगणार.

हे म्हणणे ऐकताना मला नेहमी वाटते की ज्याला आपण अंदाज म्हणतो तेही मोजमापच आहे, फक्त ते वर्षानुवर्षे एकाच पातेल्यात, एकाच मुठीने केलेले असते. अनुभवी बाईचे मीठ पातेले बदलले की चुकते. चार माणसांच्या जागी चाळीस पाने असली की ती स्वतःच आचाऱ्याला विचारते. ज्या हाताला चव आहे असे आपण म्हणतो, त्या हातामागे शेकडो वेळा चाखून केलेली दुरुस्ती असते.

चाखण्याची रीत जरा जवळून बघण्यासारखी आहे. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, किंचित निवू द्यायचा आणि जिभेला लावायचा. हे दिसते तेवढे सोपे नाही, कारण तळहातावरची आमटी एकटी असते आणि पानातली भातात कालवलेली. पुष्कळ मराठी घरांत साध्या भाताला मीठ घालत नाहीत, भाकरीतही घालत नाहीत किंवा नावापुरते घालतात. म्हणून चाखताना आमटी किंचित चढी लागली पाहिजे. तेव्हाच ती भाताबरोबर बरोबर होते. तळहातावर बेताची लागलेली आमटी कालवल्यावर आळणी होते. ठेच्याचे तर सगळे मीठ भाकरीच्या हिशेबाने असते. ज्या घरात भाताला मीठ घालतात तिथे आमटीचा हिशेब निराळा. चाखणारीच्या मनात त्या वेळी अख्खे ताट असावे लागते. एकेका पदार्थाची कृती स्वतंत्रपणे छापणाऱ्या पुस्तकाला हे सांगणे कठीण जाते, आणि ‘चवीनुसार’ या शब्दाची खरी गरज मला इथे दिसते.

नैवेद्याच्या स्वयंपाकात तर चाखायलाही मनाई. देवाला दाखवण्यापूर्वी उष्टे करायचे नाही. अशा दिवशी पुरणावरणाच्या स्वयंपाकात मीठ केवळ हाताच्या सवयीने पडते. काही बायका आमटीच्या वासावरून मीठ कमी आहे हे सांगतात. मीठ हवेत उडून नाकाला लागत नाही, पण मीठ घातल्यावर इतर सुवास वर येतात हे खाद्यविज्ञानालाही मान्य आहे, तेव्हा या दाव्याला अगदीच आधार नाही असे म्हणता येणार नाही.

जीभ सगळ्यांची सारखी नसते

‘माझी चव’ हा केवळ लाडाचा भाग आहे का? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात बरेच स्पष्ट झाले. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स काम करत असताना पीटीसी नावाच्या रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच लागली नाही. पुढे हा फरक आनुवंशिक ठरला आणि २००३ मध्ये त्यामागचा जनुकही सापडला. कोबी-मोहरी-मुळा या कुळातला कडवटपणा काहींना जास्त का जाणवतो, याचा काही भाग इथे आहे. कोथिंबिरीचेही असेच. काही लोकांना ती साबणासारखी लागते. कॅनडातल्या एका पाहणीत दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत कोथिंबीर न आवडणारे सुमारे ७ टक्के होते, युरोपीय वंशाच्यांत १७ टक्के. सगळ्या भाज्यांवर कोथिंबीर पेरणाऱ्या आपल्या घरांतही असे एखादे माणूस असू शकते, आणि त्याच्या तक्रारीला खोड म्हणणे बरोबर नाही.

मिठाच्या बाबतीत मात्र जन्मजात देणगीपेक्षा सवयीचा वाटा मोठा दिसतो. नवजात बाळाला खारट चवीची ओढ नसते, ती चौथ्या महिन्याच्या आसपास दिसू लागते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत १९८२ साली बर्टिनो, बोशॅम्प आणि एंगलमन यांनी काही लोकांना काही महिने कमी मिठाचे जेवण दिले. हळूहळू त्यांना कमी खारट पदार्थच चांगले लागू लागले, आणि पूर्वीचे खारट वाटू लागले. आवड सरकते, आणि ती काही आठवड्या-महिन्यांत सरकते. या चर्चेतला हा बहुधा सर्वांत भक्कम निष्कर्ष आहे.

मीठ फक्त खारटपणा देत नाही, ते कडूपणा दाबते. ब्रेस्लिन आणि बोशॅम्प यांनी १९९७ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून पिळून काढण्यात कडू रस निघून जातो हे तर आहेच, पण भाजीत जे मीठ उरते तेही उरलेला कडूपणा कमी जाणवू देते. म्हणून मेथी, कारले, शेवग्याचा पाला या भाज्या बटाट्यापेक्षा मीठ जास्त ‘मागतात’ असे बायका म्हणतात ते योग्यच आहे.

तिखटाची गोष्ट निराळी

मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी, आले, मोहरी यांच्याकडून येई. आज कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याशिवाय किंवा नागपूरच्या सावजीशिवाय मराठी तिखटाची कल्पना करता येत नाही, पण ही चारशे-पाचशे वर्षांतली घडण आहे.

तिखट ही जिभेच्या अर्थाने चव नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते. कॅप्सेसिन या मज्जातंतूंवर जिथे काम करते ती जागा डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधली आणि त्यासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. मग ही जळजळ माणसाला आवडते कशी? पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका गावात यावर काम केले. तिथली मुले घरच्यांबरोबर जेवता जेवता थोडे थोडे तिखट खायला शिकत होती. गावातली डुकरे आणि कुत्री तेच तिखट उष्टे वर्षानुवर्षे खात, पण निवडायला दिल्यावर बिनतिखटाकडेच जात. माणसाला सवयीबरोबर माणसांची सोबत लागते, असा याचा अर्थ लावला जातो.

म्हणूनच तिखटाच्या आवडीला गावाचा अभिमान चिकटतो, मिठाच्या आवडीला तो सहसा चिकटत नाही. कोणी ‘आमच्याकडे खारट खातात’ असे छाती काढून सांगत नाही. या अभिमानाचा त्रास लहान मुलांना, पोटाच्या विकारांच्या रुग्णांना आणि नव्या सुनेला होतो. गोड आमटीच्या घरातून आलेली मुलगी कांदा-लसूण मसाल्याच्या घरात पहिले काही महिने अर्धपोटी राहते, अशी उदाहरणे प्रत्येकाच्या ओळखीत असतील.

मिसळवाल्यांनी यावर शोधलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. उसळ बेताची करायची आणि कट किंवा तर्री वेगळ्या भांड्यात द्यायची. तर्री पोह्यांतही तेच. ज्याला जेवढी झेपेल तेवढी तो घेतो, आणि आचाऱ्याला शंभर गिऱ्हाइकांच्या शंभर आवडी सांभाळाव्या लागत नाहीत.

आरोग्याचे प्रमाण

प्रमाणाचा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अति वापरू नयेत असे सांगितले आहे. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर इथले लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असे तिथे नोंदवले आहे. ज्यांना त्याची सवय जडली आहे त्यांनी ती एकदम न तोडता क्रमाक्रमाने सोडावी, असाही सल्ला आहे. मोनेलच्या प्रयोगाच्या शेजारी हा सल्ला ठेवून बघावा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही ५ ग्रॅमचीच मर्यादा घालतात. जगाची सरासरी याच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. घरापुरता हिशेब करायचा तर चार माणसांना रोज २० ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी ५० दिवस. ती २५ दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम होतात, आणि त्यात विकतचे फरसाण, पाव, पापड, लोणचे धरलेलेच नाही. भाज्या धुताना थोडे वाया जाते हे खरे, पण घरातले मीठ मोजायची याहून सोपी रीत मला माहीत नाही. पुडीवर उघडल्याची तारीख लिहिली की झाले.

५ ग्रॅमच्या आकड्यावर सर्वांचे एकमत नाही. रक्तदाब जास्त असलेल्यांनी मीठ कमी करावे यावर वाद नाही. वाद आहे तो निरोगी माणसाने किती खाली जावे यावर. १७ देशांतल्या लाखावर लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (२०१४) दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण साडेसात ते पंधरा ग्रॅम मीठ खाणाऱ्यांत धोका सर्वांत कमी दिसला. त्याहून कमी खाणाऱ्यांत तो पुन्हा वाढलेला होता. टीकाकारांचा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. सकाळच्या एका लघवीच्या नमुन्यावरून रोजचे मीठ काढणे भरवशाचे नाही, आणि आधीच आजारी असलेले लोक कमी जेवतात म्हणून त्यांचे मीठ कमी भरते. २४ तासांची लघवी अनेकदा गोळा केलेल्या सहा अभ्यासांतल्या दहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा मीठ वाढेल तसा हृदयविकाराचा धोका वाढत गेलेला दिसला. मला दुसऱ्या बाजूची मोजणी अधिक विश्वासार्ह वाटते, पण पहिल्या बाजूच्या संशोधकांनी आपले म्हणणे मागे घेतलेले नाही आणि वाद चालू आहे.

पोटॅशियम मिसळलेले मीठ हा मधला मार्ग पुढे आला आहे. चीनच्या ६०० खेड्यांतल्या वीस हजारांवर लोकांवर जवळपास पाच वर्षे प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत असे मीठ दिले, त्यात पोटॅशियम क्लोराइड २५ टक्के होते. तिथे पक्षाघाताचे प्रमाण साध्या मिठाच्या खेड्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी राहिले. तेलंगणातल्या सिद्दिपेटजवळच्या खेड्यांतही ५०२ रक्तदाबाच्या रुग्णांवर असा प्रयोग झाला आणि वरचा रक्तदाब सरासरी साडेचार अंकांनी उतरला. चवीत थोडी कडवट झाक येते, पण बहुतेकांनी ती चालवून घेतली. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच आणावे.

घरातला अधिकार

आतापर्यंतच्या बाजू कागदावर मांडता येतात. ही बाजू मांडणे अवघड आहे, कारण ती मिठाच्या नावाखाली दुसरेच काही बोलत असते. रोजचे मीठ बहुतेक घरांत बाई घालते, पण ते बरोबर की चूक हे ठरवणारे आधी जेवायला बसलेले असतात. ती स्वतः जेवायला बसेपर्यंत तिच्या स्वयंपाकावरचे मत देऊन झालेले असते. ‘मीठ कमी आहे’ हे वाक्य माहिती म्हणून बोलता येते आणि दोष म्हणूनही. ऐकणारीला ते कसे बोलले गेले हे नेमके कळते.

याच कारणाने पुष्कळ घरांत वरून मीठ मागून घेणे अपमानाचे मानले जाते, आणि ज्याला मीठ कमी हवे त्याचाही कोंडमारा होतो. एक बाजू म्हणते की रांधणाऱ्याने ठरवलेल्या चवीला हात लावू नये, त्यात तिचे कसब आहे. दुसरी म्हणते, जेवणाऱ्याचे तोंड त्याचे स्वतःचे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझा कल दुसरीकडे झुकतो, कारण मीठ वरून घेण्याची मोकळीक असली तर रांधणारीवरचेही ओझे कमी होते.

काय मागाहून घालता येते

मराठी पानाची मांडणी या मोकळिकीला जागा ठेवते. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. वाढायला सुरुवात मिठापासून होते. उजवीकडे भाजी-आमटी रांधणारीच्या चवीची, डावीकडून प्रत्येकाने आपापली दुरुस्ती करायची. खारट, आंबट, तिखट, तुरट सगळे तिथे हाताशी असते. देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र पुष्कळ घरी मीठ वाढत नाहीत.

पण ही दुरुस्ती सगळ्या पदार्थांना सारखी लागू पडत नाही, आणि इथेच पातेले आणि पान यांतला फरक कामाला येतो. साबुदाण्याच्या खिचडीचे मीठ भिजलेल्या साबुदाण्यात दाण्याच्या कुटाबरोबरच कालवावे लागते. कढईत गेल्यावर वरून भुरभुरवले तर एक घास आळणी आणि एक खारट. भिजवलेल्या पोह्यांचेही तसेच. थालिपीठ, वड्यांचे सारण, भरली वांगी, उकडून केलेली बटाट्याची भाजी, यांत मीठ आत शिरले पाहिजे. ते पातेल्यातले मीठ. पालेभाजीला ते शेवटी घालायचे, कारण ढीगभर दिसणारी पालेभाजी शिजून मूठभर होते आणि आधी ढिगाच्या हिशेबाने घातलेले मीठ जड जाते. काकडीच्या कोशिंबिरीला अगदी वाढताना, नाही तर तिला पाणी सुटते. आमटी, वरण, ताक, सोलकढी, सार, कढी, हे मात्र पानातले पदार्थ. पातळ असल्याने वरून घातलेले मीठ, लिंबू, तिखट त्यांत लगेच मिसळते. घरात कमी मीठ खाणारे आणि जास्त खाणारे दोन्ही असतील तर या पदार्थांत पातेल्यात हात आखडता घ्यायचा आणि बाकीचे पानावर सोडायचे, असा सरळ मार्ग निघतो.

यात भीती एकच, की लोक वरून भरमसाट घेतील. १९८७ साली मोनेलच्याच बोशॅम्प आणि सहकाऱ्यांनी ११ विद्यार्थ्यांच्या जेवणातले सोडियम जवळपास निम्मे केले आणि मीठदाणी हवी तेवढी वापरू दिली. त्यांनी वरून घेतलेले मीठ वाढले, पण काढून टाकलेल्याच्या पाचव्या भागाइतकेही ते भरले नाही. वरवर पडलेले मीठ जिभेला आधी लागते, म्हणून थोडक्यात भागते. या निष्कर्षाविरुद्ध एक आकडा नेहमी पुढे केला जातो. ब्रिटनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या २०२२ सालच्या अभ्यासात नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांत अकाली मृत्यूचा धोका २८ टक्के जास्त आढळला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या ब्रिटिश लोकांचे पातेल्यातले मीठ आधी कमी केलेले नव्हते, ते वरचे मीठ पूर्ण मिठाच्या जेवणावर घेत होते.

लोणच्याला यांतले काहीच लागू नाही. तिथे मीठ टिकवण्यासाठी असते. आवडीप्रमाणे कमी केलेल्या मिठाचे कैरीचे लोणचे पावसाळ्याआधी बुरसते. कमी खारट लोणचे हवे असेल तर ते थोडे करून फ्रिजमध्ये ठेवावे.

जे अजून ठरायचे आहे

अमेरिकी विद्यार्थ्यांवरचा निष्कर्ष मराठी ताटाला किती लागू पडतो, हा पहिला खुला प्रश्न. तिकडे मिठाचा मोठा भाग कारखान्यातून तयार पदार्थांत येतो, आपल्याकडे अजून बराचसा स्वयंपाकघरातून. त्यामुळे आपल्याकडे निर्णय घरातल्या हातात जास्त आहे, पण शहरांत पाव, बिस्किटे, नूडल्स आणि चिवड्याची पाकिटे वाढत आहेत, आणि त्यांतले मीठ कोणाच्या चवीने ठरते यावर घराचा काही इलाज चालत नाही.

दुसरा प्रश्न आयोडीनचा. १९६२ पासून सरकारने गलगंडाविरुद्ध जो कार्यक्रम राबवला त्याचा सगळा भर मिठावर आहे. सगळ्यांनी मीठ कमी केले तर त्यातल्या आयोडीनचे प्रमाण वाढवावे लागेल का, यावर तज्ज्ञ दोन्ही धोरणे एकत्र चालवता येतील असे म्हणतात, पण त्यासाठी मोजणी सतत करावी लागेल. सैंधव किंवा काळे मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून वापरणाऱ्यांनी तर आधी पुडी बघावी, कारण त्यात सोडियम जवळजवळ तेवढेच असते आणि आयोडीन पुष्कळदा घातलेले नसते.

बाळाच्या पहिल्या वर्षात वरून मीठ-साखर घालू नये हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आता रूढ झाला आहे, पण उष्टावणानंतर आजीच्या हाताने मऊभातात मीठ पडते आणि बाळ आळणी खाणारच नाही असे घर ठासून सांगते. चवीची ओढ सवयीने घडते हे एकदा मान्य केले की आजीपेक्षा डॉक्टरांचे म्हणणे अधिक पटते. तरीही घरात कोणी कोणाला सांगायचे, हा प्रश्न राहतोच.

वय वाढते तशी वास आणि चव दोन्ही मंदावतात, आणि मीठ नकळत वाढत जाते. रक्तदाबही याच वयात वाढतो. चाळीस-पन्नास वर्षे जिच्या हाताने घराची चव ठरवली, तिच्या हातचे मीठ जास्त होऊ लागले आहे हे घरात सगळ्यांना कळते आणि कोणी बोलत नाही. अशा घरांत चाखायचे काम दुसऱ्याला द्यावे, की एक टक्क्याचे माप काट्यावर ठेवून सगळ्यांनाच त्यापुढे उभे करावे, याबद्दल मला ठाम सांगता येत नाही. पहिल्या मार्गाने मन दुखावते. दुसऱ्या मार्गाने मन सांभाळले जाते, पण भाताला मीठ घालतात की नाही, चिंच नवी की जुनी, हे काट्याला कळत नाही.